वरच्या रानातली अळंबी आणि आमची हद्द

पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात आमची जमीन दोन ठिकाणी आहे. ओढ्याकाठी भाताची खाचरं आणि गावाच्या वर डोंगराच्या अंगाला वरकस रान. मामंजींच्या काळात वरच्या रानात नाचणी-वरी व्हायची. पुढं घरातली पुरुषमाणसं नवी मुंबईच्या मार्केटात माथाडी कामाला गेली, इकडच्या कितीतरी घरांची हीच कथा आहे, आणि ते रान पडलं ते पडलंच. आज तिथं ऐन, किंजळ, हिरडा आहे, करवंदीच्या जाळ्या आहेत आणि मधूनमधून कमरेएवढी वारुळं आहेत. आषाढात झड लागून मधेच ऊन पडलं की त्या वारुळांच्या आसपास अळंबी उगवते. ह्या अळंबीपायी गेल्या काही पावसाळ्यांत आमच्या रानात परकी माणसं शिरायला लागली. त्यांना आवर घालायला आम्हांला काय काय करावं लागलं ते लिहिते आहे. डोंगराकडेच्या बऱ्याच गावांत आता हा त्रास आहे, आणि आधी कुठं जायचं, कुणाला भेटायचं हेच लोकांना ठाऊक नसतं.

आधी अळंबीचं सांगते, नाहीतर एवढा खटाटोप कशासाठी हे कळायचं नाही. बाजारात पाकिटातून मिळणारी बटण किंवा धिंगरी अळंबी वेगळी, ती शेडमध्ये वाढवतात. आमच्या रानातली वाळवी पिकवते. वारुळाच्या आत वाळवी चघळलेल्या पाल्याचे आणि लाकडाचे जाळीदार गोळे रचते आणि त्यांच्यावर ही बुरशी वाढवते. बुरशी तो पाला-लाकूड कुजवून पचण्याजोगं करते, वाळवी ते खाते आणि बुरशीही खाते. पावसाने जमीन भिजली की त्या गोळ्यांवरूनच देठ वर चढतो, माती फोडतो आणि बाहेर येऊन छत्री उघडतो. म्हणून ह्या अळंबीला खाली मुळासारखा लांब देठ असतो. माझी मुलगी कृषी पदवीचं शिकते. तिने सांगितलं की हिचं शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस, आणि वाळवीशिवाय हिची व्यापारी शेती करणं अजून कुणाला जमलेलं नाही.

वरच्या वर हाताने उपटली किंवा विळ्याने कापली तर आतला गोळा शाबूत राहतो. पुढल्या पावसाळ्यात त्याच जागेला अळंबी येते. आमच्या आत्याबाईंनी एकाच वारुळाची अळंबी लग्न होऊन आल्यापासून म्हातारपणापर्यंत काढली. पण कुदळ मारून वारूळ फोडलं, गोळे उघड्यावर आले, राणी मेली, की वाळवीचं घर बसतं आणि तिथली अळंबी कायमची जाते. मुलीने मला स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासाबद्दलही सांगितलं. तो 2006 साली प्रसिद्ध झाला. जंगलातल्या भूछत्रांवर तिथं जवळजवळ तीस वर्षं नोंदी ठेवल्या होत्या. काढल्यामुळं पुढचं उगवणं कमी झालं नाही, कापलं काय आणि उपटलं काय, फरक पडला नाही. माणसांच्या पायांनी जमीन तुडवली गेली तिथं मात्र उगवणं घटलं. ती भूछत्रं वेगळी, आपली वेगळी, हे खरं. तरी आमच्या रानात आम्ही डोळ्यांनी जे बघत होतो त्याच्याशी हे जुळत होतं.

तिच्याकडून कळलेली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पावसाच्या तोंडाला पंखवाली वाळवी उडते, नर-मादीची जोडी जमिनीत शिरून नवं घर मांडते. त्या जोडीजवळ सहसा बुरशी नसतेच. पुढं त्या घरातली पहिली कामकरी वाळवी बाहेर पडते आणि उघडलेल्या छत्र्यांमधून मातीवर पडलेले बीजाणू आत नेते, तेव्हा कुठं नव्या वारुळात बुरशीची शेती सुरू होते. म्हणजे रानातली कळी न कळी खुडून नेली आणि एकही छत्री पुरती उघडू दिली नाही, तर नव्या वारुळांना बियाणंच मिळायचं नाही. आत्याबाई पहिली उघडलेली छत्री जागेवरच ठेवायच्या, ‘ती नागोबाची’ म्हणायच्या. नागपंचमीला तर आमच्याकडं जमिनीला कुदळ-नांगर लावतच नाहीत.

रानात अळंबीला येणारी माणसं आम्हांला नवीन नव्हती. वरच्या धनगरवाड्यावरच्या आणि खालच्या वाडीतल्या बाया पहाटे येतात, पदराच्या खोळीत अळंबी घेऊन उन्हं वर यायच्या आत परत जातात. कुणी कधी हटकलं नाही. उलट त्यांच्यातली एखादी दारावरून जाताना चार कळ्या उंबऱ्यावर ठेवून जायची. मग सडावाघापूरच्या उलट्या धबधब्याला गर्दी व्हायला लागली, रस्ते सुधारले, शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागू लागली. त्यातले काहीजण रस्त्याकडेला गाडी लावून दिसेल त्या रानात शिरायचे. एका पावसाळ्यात कुणीतरी आमच्या रानातल्या अळंबीचा व्हिडिओ टाकला, जागेच्या खुणेसकट. त्यानंतर जे सुरू झालं ते वेगळंच होतं.

एका सकाळी मी गवत आणायला वर गेले तर बांधाजवळचं वारूळ मधोमध फोडलेलं. आतले करडे गोळे बाहेर फेकलेले, पावसाने लगदा झालेला. त्यांच्यावरचे खसखशीएवढे पांढरे दाणे अजून दिसत होते. फुटलेल्या भुयारांतून वाळवी सैरभैर पळत होती आणि मुंगळे तिला उचलून नेत होते. बाजूला प्लास्टिकच्या गोणीचा तुकडा आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. अळंबीचे लांब देठ तळापर्यंत मिळावेत म्हणून, किंवा आत आणखी कळ्या असतील ह्या समजुतीने, कुणीतरी ते खणलं होतं. मी तिथंच बसले. मला रडू आलं, आणि ते सांगायला मला संकोच वाटत नाही.

गावात लगेच बोलणं सुरू झालं की धनगरवाड्यावरच्या लोकांचं काम असणार. मला ते पटेना, म्हणून मी स्वतःच वाड्यावर गेले. थोरल्या मावशी चुलीपुढं बसल्या होत्या. विषय काढला तशा त्या दुखावल्या.

“वैनी, माज्या आज्जीपास्नं आमी हितली अळंबी न्हेतोय. कवा वारुळाला कुदळ लावलीया का आमी? तितं देव असतोय.”

त्यांच्या सुनेने पुढची माहिती दिली. पावसाळ्यात पहाटे फाट्यावर एक टेम्पो थांबतो. त्यातला माणूस वाट्यावर अळंबी घेतो आणि शहरात पाठवतो. आधी तो वाड्यावरच्या बायांकडून घ्यायचा. माल कमी पडायला लागला तशी त्याने बाहेरची पोरं आणली. ती पोरं अंधारात बॅटऱ्या घेऊन रानं पालथी घालतात आणि ह्या बायांनाच दमदाटी करतात. म्हणजे आमच्या रानात जे घडत होतं त्याचा पहिला फटका वाड्याला बसला होता. त्यांची पावसाळ्यातली भाजी गेली होती आणि चार पैसेही. हे कळल्यावर सगळ्या प्रकरणाकडं बघायची माझी नजर बदलली. रान बंद करून भागणार नव्हतं. वारुळं वाचवायची तर ज्यांना ती माहीत आहेत तीच माणसं तिथं हवी होती.

पोलिस ठाण्यात मी सातबारा घेऊन गेले. ठाणे अंमलदारांनी ऐकून घेतलं, पण त्यांचा पहिला प्रश्न होता, “बाई, अळंबी तुम्ही पेरली होती का? ती आपोआप उगवते.” कुणी केलं ते माहीत नाही, हद्दीच्या खुणा नाहीत, मग गुन्हा कुणावर नोंदवायचा, असं त्यांचं म्हणणं. मी लेखी अर्ज दिला आणि त्याच्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. ही पोच पुढं फार उपयोगी पडली. तोंडी सांगून परत येऊ नका, कागद देऊन पोच घ्या.

मग कराडच्या एका वकिलांचा सल्ला घेतला. माणूस शांत, शेतकऱ्याच्या भाषेत सांगणारा. 1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. दुसऱ्याच्या जमिनीत गुन्हेगारी हेतूने घुसण्याची जुनी 441 आणि 447 ही कलमं आता कलम 329 मध्ये आहेत. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पूर्वी दंडाची मर्यादा 500 रुपये होती. पण नुसतं कुणी रानात पाऊल टाकलं म्हणजे हा गुन्हा होत नाही. गुन्हा करायच्या, धमकवायच्या, अपमान करायच्या किंवा त्रास द्यायच्या इराद्याने तो शिरला, किंवा शिरल्यावर त्याच इराद्याने तिथं थांबला, हे दाखवावं लागतं. म्हणून ते म्हणाले, पाटी लावा. तोंडी बजावा. ऐकलं नाही तर दोन माणसांसमोर पुन्हा बजावा. मग ‘आम्हांला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय राहत नाही.

‘आपोआप उगवते’ ह्याचंही उत्तर त्यांच्याकडं होतं. जमिनीला धरून असेपर्यंत वस्तू चोरीचा विषय होत नाही. जमिनीपासून सुटली की होते, आणि उपटून नेण्याची ती एकच कृतीसुद्धा चोरी ठरू शकते. पेरली कुणी ह्याला तिथं महत्त्व नाही. वारूळ फोडणं हे जमिनीचं नुकसान, त्याची तक्रार वेगळी करता येते.

काय करायचं नाही हे त्यांनी जास्त वेळ घेऊन सांगितलं. कुणाच्या अंगावर जायचं नाही. गाडीची चावी काढून घ्यायची नाही, मोबाईल हिसकावायचा नाही, टायरची हवा सोडायची नाही. असं केलं की आपण फिर्यादी असतो ते आरोपी होतो. आणि कुंपणात करंट कुठल्याही परिस्थितीत सोडायचा नाही. रानडुकरांसाठी सोडलेल्या करंटाने माणसं मेल्याची आणि शेतकरी तुरुंगात गेल्याची प्रकरणं आपल्या भागाला नवी नाहीत. आमच्याकडं तारेच्या कुंपणाचा विचार एरवीही टिकणारा नव्हता. गव्यांचा कळप उतरला की कुंपण एका रात्रीत आडवं होतं.

हद्द कायम करायची मोजणी उन्हाळ्यात करून घेतली. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज, ताजा सातबारा, गटाचा नकाशा, लगतदारांची नावं आणि पत्ते, शुल्काचं चलन. ज्यांची नावं सातबाऱ्यावर आहेत त्या सगळ्यांच्या सह्या मिळवणं हे खरं काम. दीर पुण्याला, एक नणंद कोल्हापूरला, चुलत सासऱ्यांचा वारस मुंबईत. मोजणीच्या दिवशी लगतदार हजर राहिले तर नंतर वाद कमी होतात, म्हणून नोटिसा गेल्या असल्या तरी मी घरोघर जाऊन सांगितलं. भूकरमापक उपग्रहावर चालणारं यंत्र घेऊन आले. वाळलेल्या गवतातून करवंदीचे काटे लागत आम्ही खुणा करत गेलो आणि प्रत्येक कोपऱ्याला दगड रोवला.

वरच्या कडेला एक थोरलं वारूळ आहे. पिढ्यान्‌पिढ्या घरात ते आमचं म्हणूनच बोललं जायचं. मोजणीत ते वनखात्याच्या हद्दीत निघालं, आमच्या दगडापासून पंधरा-वीस पावलं पलीकडं. दिरांचा चेहरा पडला. पण ह्याचा पुढं फायदा झाला. तो पट्टा राखीव वन आहे, आणि राखीव वनात विनापरवाना शिरणं आणि तिथून वनोपज नेणं 1927 च्या भारतीय वन कायद्यानं गुन्हा आहे. टेम्पोवाल्याची पोरं त्याच वाटेने आमच्या रानात उतरायची. गार्डना नकाशा दाखवला तेव्हा त्यांनी पहाटेची फेरी त्या बाजूने सुरू केली. खासगी रानासाठी त्यांना येता आलं नसतं, वनाच्या हद्दीसाठी आले.

आता संमतीपत्राबद्दल. मला वाटतं सगळ्या प्रकारात हेच खरं काम होतं, आणि ते सगळ्यांत अवघडही होतं.

वाड्यावरच्या आणि वाडीतल्या बायांनी यावं, अळंबी न्यावी, पण ते लेखी असावं, असं वकील म्हणाले. कारण असं. सुविधाधिकाराचा 1882 चा कायदा आहे. दुसऱ्याच्या जमिनीचा एखादा वापर वीस वर्षं उघडपणे, विनाअडथळा, आपला हक्क म्हणून केला तर त्यावर वहिवाटीचा हक्क सांगता येतो. मालकाच्या परवानगीने केलेला वापर त्यात धरत नाहीत. म्हणून ‘ही परवानगी आहे, ह्यातून जमिनीवर हक्क उत्पन्न होत नाही’ हे वाक्य कागदावर हवंच, असा त्यांचा आग्रह.

ते वाक्य मला खुपत होतं. ज्या माणसांच्या आज्या-पणज्या ह्या रानात यायच्या त्यांच्याकडून अंगठा घेऊन म्हणायचं की तुमचा इथं हक्क नाही? दुसऱ्या बाजूने घरच्यांची भीतीही खोटी नव्हती. डोंगराकडेच्या जमिनींचे सौदे कसे होतात, कुणाचा तरी दावा उभा करून भाव कसा पाडतात, हे आम्ही जवळून बघतो. दिरांनी स्पष्ट सांगितलं की हे वाक्य नसेल तर सही करणार नाही.

मी कागद घेऊन वाड्यावर गेले आणि सगळ्यांना बसवून शब्दन्‌शब्द वाचून दाखवला. ते वाक्य आलं तशी कुजबुज झाली. थोरल्या मावशींच्या मुलाने विचारलं, “म्हंजी रान तुमचं, आन आमी आजपास्नं पावनं?” मी म्हणाले, मामा, जमीन कागदावर आमची आहेच, ती आज झालेली नाही. पण तुम्हांला पाव्हणं म्हणायला मी आलेली नाही. मग त्यांनीच सुचवलं की जसं आम्ही लिहून देतो तसं तुम्हीही लिहून द्या. तेव्हा कागदात आमच्या बाजूची कलमं वाढली: वारूळ खणल्याचं सिद्ध झाल्याशिवाय भर हंगामात परवानगी काढून घेणार नाही, परवानगीसाठी पैसा किंवा अळंबीतला वाटा मागणार नाही, आणि रान विकायची वेळ आली तर वाड्याला आधी सांगू. शेवटचं कलम दिरांना जड गेलं. पण दीर सुटीला आले होते, स्वतः वाड्यावर चहा पिऊन आले आणि सही केली. त्यांचं मला कौतुक वाटतं.

बाकीच्या अटी साध्या. आषाढापासून भाद्रपदापर्यंत यायचं. कुदळ, पहार, टिकाव आणायचा नाही. प्रत्येक जागेवर काही छत्र्या पुऱ्या उघडायला ठेवायच्या. अगदी बारक्या कळ्या काढायच्या नाहीत. ठरलेल्या पायवाटेनेच जायचं, रान तुडवायचं नाही. बाहेरच्या कुणाला बरोबर आणायचं नाही. विकायची तर स्वतः विकायची, टेम्पोवाल्याला जागा दाखवायची नाही. आणि परकं माणूस दिसलं तर अंगावर न जाता लगेच मला किंवा पोलिसपाटलांना फोन करायचा. ज्यांना लिहिता येतं त्यांनी सह्या केल्या, बाकीच्यांनी अंगठे. पोलिसपाटील आणि एक ग्रामपंचायत सदस्य साक्षीदार.

विषय ग्रामसभेतही नेला. जैवविविधता कायदा 2002 चा आहे. त्याखाली ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. आमच्या समितीची नावं कागदावर होती, बैठका नव्हत्या. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत आम्ही बाया उठून बोललो. अळंबीची वारुळं, हंगाम आणि काढायची रीत नोंदवहीत लिहून घ्यायचं ठरलं. नेमकी जागा लिहायची नाही, हा आग्रह वाड्यावरच्या मावशींचा होता आणि तो मान्य झाला. त्याच कायद्याच्या कलम 41 प्रमाणे गावच्या हद्दीतून व्यापारासाठी जैविक संसाधन गोळा करणाऱ्याकडून समितीला शुल्क घेता येतं. तसा ठराव झाला आणि त्याची प्रत टेम्पोवाल्याच्या हातात दिली. दुसऱ्या दिवसापासून तो आमच्या फाट्यावर थांबलेला नाही. शुल्काची भीती की एवढ्या सह्या बघून, कोण जाणे.

शहरातून गाडीने येणाऱ्या हौशी लोकांचा प्रश्न वेगळा. त्यांचा इरादा बहुतेक वेळा वाईट नसतो. पाटी वाचून, दोन शब्द बोलून बरेचजण परत जातात. पण आमच्या बांधावर घडलेला एक प्रसंग मी विसरू शकत नाही. एका कुटुंबाने गोठ्यामागच्या गवतातली मोठी पांढरी भूछत्रं काढली, जवळच स्टोव्हवर शिजवून खाल्ली. दोन-तीन तासांत मोठी माणसं आणि एक लहान मुलगी उलट्या-जुलाबांनी आडवी झाली. गावातल्या पोरांनी त्यांना गाडीत घालून ग्रामीण रुग्णालयात नेलं. मी उरलेली भूछत्रं कागदात गुंडाळून बरोबर दिली, ते फार महत्त्वाचं असतं. सगळे बरे झाले. मुलीने फोटो बघून सांगितलं की ही हिरवट पाकळ्यांची विषारी जात असावी. कोवळी असताना खालच्या पाकळ्या पांढऱ्या असतात, जून झाल्या की हिरवट दिसतात. गवतात, परड्यात सगळीकडं उगवते.

त्याहून भयंकर जाती आहेत. त्यांच्या विषाची लक्षणं सहा तासांनंतर, कधी त्याहूनही उशिरा दिसतात. उलट्या थांबून माणूस बरा वाटायला लागतो आणि आतून यकृत निकामी होत असतं. लसूण काळा पडला तर विषारी, चांदीचं नाणं काळं पडलं तर विषारी, किडे लागलेली म्हणजे चांगली, ह्या परीक्षा खोट्या आहेत. शिजवून किंवा वाळवूनही हे विष जात नाही. वाड्यावरच्या मावशी एकच गोष्ट मानतात: ज्या वारुळाची अळंबी आईने दाखवली तीच काढायची. अनोळखी जागेची कितीही सुंदर दिसली तरी नाही.

त्या प्रसंगानंतर पाटीवर एक ओळ वाढवली. आता पाटी अशी आहे: ‘खासगी मालकीची जमीन. परवानगीशिवाय प्रवेश करू नये. अळंबी काढण्यास व वारूळ खणण्यास मनाई आहे. येथील भूछत्रे विषारी असू शकतात, खाऊ नयेत.’ खाली गट क्रमांक आणि पोलिसांचा 112. रस्त्याच्या बाजूला एक, पायवाटेच्या तोंडाला एक आणि वनाच्या कडेला एक.

112 वर फोन करायची वेळ एकदाच आली. पहाटे वाड्यावरच्या सुनेचा फोन आला की तिघं पोरं गोण्या आणि टिकाव घेऊन वनाच्या बाजूने उतरलीत. मी, पोलिसपाटील आणि शेजारचे दोघं गेलो. पाटीजवळ उभं राहून त्यांना परत जायला सांगितलं. एकाने शिवी दिली, दुसरा म्हणाला, “रान काय तुझ्या बापाचं हाय का?” पोलिसपाटलांनी त्यांना दुसऱ्यांदा बजावलं, मी मोबाईलवर चित्रण करत होते. हात कुणीही उचलला नाही. पोलिस आले तोवर पोरं पळायच्या बेतात होती, पण वरच्या बाजूने गार्ड आले होते. ह्या वेळी माझ्याजवळ आधीच्या अर्जाची पोच होती, मोजणीचा नकाशा होता, पाटीचे फोटो होते, साक्षीदार होते. त्याच ठाण्यात त्या दिवशी कुणी पेरणीचं विचारलं नाही. तक्रार नोंदली गेली. पोरं विशीच्या आतबाहेरची, मजुरीवर आलेली. पुढं त्यांच्या घरच्यांनी येऊन विनवणी केली, पोरांनी लेखी माफी मागितली, पुन्हा गावच्या हद्दीत येणार नाही असं लिहून दिलं, आणि आम्ही तडजोडीला तयार झालो. गावातल्या काहींना हे आवडलं नाही. ‘एकदा आत बसवायला हवं होतं’ असं अजून ऐकावं लागतं. मला त्या पोरांपेक्षा त्यांना पाठवणाऱ्याचा राग जास्त आहे, आणि त्याचं नाव त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही.

फोडलेल्या वारुळाच्या जागी अळंबी परत आलेली नाही. बाकीच्या जागांवर यंदा चांगली आली. वाडीतल्या बाया ती पानांत बांधून पाटणच्या बाजारात स्वतः विकतात, आणि टेम्पोवाला द्यायचा त्याहून बराच जास्त भाव त्यांना मिळतो. पुढल्या उन्हाळ्यात गव्यांनी पाडलेले हद्दीचे दोन दगड पुन्हा रोवायचे आहेत. घाटाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावचे सरपंच परवा घरी येऊन संमतीपत्राची नक्कल घेऊन गेले. फाट्यावरचा टेम्पो आता त्यांच्या गावाकडं थांबायला लागलाय.